चोपण

पुणे,
२६ ऑक्टोबर १९९८

भारत,

दर पत्राच्या माथ्यावर तुला आशीर्वाद लिहिते. आज हात वळला नाही, म्हणून नुसतं नाव.

भाऊबीजेला तू नाशिकहून आलास, ओवाळून घेतलंस, तबकात ओवाळणी टाकलीस, सगळं रीतसर केलंस. मग मी ताट वाढलं. सकाळी सहापासून ओट्याशी उभी होते. काळ्या मसाल्याची भरली वांगी, ठेचा, बाजरीची भाकरी आणि लहानपणी तू डब्यातून चोरायचास तशा कडक चकल्या. तू पाटावर बसलास, भाताची चार शितं तोंडात टाकलीस आणि म्हणालास, "पोट बरं नाही." शेजारी वाल्मीक जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. त्यांना लागू नये म्हणून मीच म्हटलं, प्रवासाने होतं असं.

तू निघालास तेव्हा मी गॅलरीत उभी राहिले, वळून बघशील म्हणून. तू कोपऱ्यावरच्या रसवंतीवर थांबलास आणि उसाचा रस प्यायलास. एक नाही, तीन ग्लास, बर्फ घालून. पोट बिघडलेला माणूस असा रस पितो का रे? मला कळलं ते कळलं. रसवाल्याची जात तू विचारली नाहीस. माझ्या नवऱ्याची तुला आधीच माहीत आहे.

आईचं मला नवल नाही. लग्नाला चार वर्षं झाली, ती माझ्या दारात आलेली नाही. पण तू आमच्या लग्नात सही करायला आला होतास. तात्यांच्या दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हाचं आठवतं? ऊन चढलं. कुणी म्हणालं आईला सांभाळू, कुणी म्हणालं मळा विकणार नाही. शेवटी तू म्हणालास, "तात्या, गुटखा सोडला," आणि कावळा आला. मी लांब पायऱ्यांवर उभी होते. सुवर्णाला घरात घेऊ, एवढं एक वचन मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही.

तुझं ते वचन तरी पाळतोस ना?

सुवर्णा

मखमलाबाद,
१२ नोव्हेंबर १९९८

ती. ताईस नमस्कार.

पत्र पोचलं. तू जे समजायचं ते समजलीस, त्यावर मी काय लिहू. आपल्या घरच्या रिती तुला नव्या नाहीत. वाल्मीकरावांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका.

तात्यांना दिलेलं वचन पाळतो आहे.

फोन करू नकोस. दुकानातून बोलवायला येतात, तिथे चार माणसांत बोलणं होत नाही. काही असलं तर मी लिहीन. अंबडला कंपनीत सध्या दुसरी पाळी आहे. सकाळी शेवंतीची तोडणी. फुलबाजारात हल्ली रूपालीच बसते.

भारत

पुणे,
२० ऑगस्ट १९९९

भारत,

यंदा राखी पाठवत नाही. माझ्या हातचा घास ज्याला चालत नाही, त्याला माझ्या हातचा दोरा कसा चालेल? वाल्मीक म्हणाले, पाठव, तू मोठी आहेस. मोठेपणा करून करून मी थकले. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

सुवर्णा

मखमलाबाद,
३ फेब्रुवारी २०००

सौ. सुवर्णाताईंना रूपालीचा नमस्कार.

ताई, ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुम्ही रागावला आहात हे मला माहीत आहे. तुमची दोन्ही पत्रं मी वाचली. ह्यांनी ती फाडली नाहीत, कपाटात ठेवली आहेत.

ह्यांचं तोंड उघडत नाही. अबोला धरला असं म्हणत नाही मी, खरोखरच उघडत नाही. तुमच्याकडे भाऊबीजेला आले तेव्हाच दीड बोट जेमतेम जात होतं. आता एक बोट जातं, तेही आडवं. भाकरी दुधात कुस्करून, बोटाने आत ढकलून खातात. तिखटाचा कण लागला तरी तोंडात आग होते, डोळ्यांतून पाणी येतं. त्या दिवशी तुमच्याकडून घरी आले ते उपाशीच. मला म्हणाले, "ताईनं वांगी केली व्हती गं. वासानं जीव कासावीस झाला." मग लोटाभर दूध प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

सासूबाई म्हणतात, "दाढ आली आसंल, लय दुखती ती." सिन्नरला एकाने दाढ काढलीसुद्धा. अर्धी निघाली, कारण हत्यार आत जाईना. नंतर दोरा झाला, लिंबू झालं. फुलबाजारात ह्यांचा आवाज पार पुलापलीकडे जायचा, तुम्ही ऐकला आहे. आता मी भाव सांगते आणि हे मागे बसून जुड्या बांधतात. लोकांना वाटतं बायकोच्या मुठीत गेले.

वचनाचं खोटं आहे ताई. कलमांच्या शेडमध्ये मला पुड्यांच्या माळा सापडल्या. कंपनीत पाळीला पंधरा-वीस होतात. मशीनपाशी बिडी चालत नाही, गुटख्याला कोणी काही म्हणत नाही. हे कुणाला कळू देत नाहीत, कारण तात्यांच्या पिंडाला त्याच बोलावर कावळा शिवला होता. सासूबाईंना कळलं तर त्या म्हणतील, माझा नवरा उपाशी गेला.

तुम्ही दातांच्या कॉलेजात आहात. हे काय आहे ते सांगा.

रूपाली

पुणे,
९ फेब्रुवारी २०००

चि. भारत,

रूपालीचं पत्र आलं. तिच्यावर ओरडलास तर माझ्याशी गाठ आहे. तसं तुला ओरडता येत नाही, हेही तिने लिहिलंय.

माझं काम काय आहे हे मी घरी कधी नीट सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. तोंडातून काढलेला मांसाचा कण आमच्याकडे येतो. मी त्याचे पापुद्रे कापते, काचपट्टीवर ठेवते, रंगवते. पट्टीवर नाव नसतं, नंबर असतो. महिन्याला दहा-बारा पट्ट्या गुटखा खाणाऱ्यांच्या असतात. रिक्षावाले, कंपनीतले, कॉलेजातली पोरं. दोन वर्षं मी परक्यांची तोंडं रंगवत होते आणि माझा भाऊ माझ्यासमोर पाटावर बसून तोंड उघडू शकत नव्हता, तर मला त्यात जात दिसली. माझ्यासारखी शहाणी मीच.

आता ऐक. आजार म्हटला की सगळे पेशी बघतात. पण पेशी काही एकमेकींना चिकटून नसतात. त्यांच्यामध्ये एक भराव असतो. धागे असतात, ओलसर खळ असते, त्यातून रक्त, अन्न, हवा पोचते. पेशी म्हणजे झाडं धर, हा भराव म्हणजे माती. निरोगी माणसात जुने धागे विरतात, नवे येतात. सुपारी रोज लागली की नवे येत राहतात आणि जुने विरत नाहीत. मी रंग घातला की ते धागे लाल दिसतात. चांगल्या तोंडात सुट्या रेघा असतात. तुमच्या तोंडात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लाल गच्च थर, त्यात रक्ताच्या नळ्यासुद्धा चिरडलेल्या.

कालव्याखालची आपली पट्टी आठवते? तात्यांनी पाणी देऊन देऊन ती चोपण केली, माती खारावून घट्ट बसली. गुलाबाची कलमं उत्तम होती, खत उत्तम होतं, तरी तिथे काही लागलं नाही. सगळे कलमं बदलत बसले, मातीकडे कुणी बघितलं नाही. तुझा गाल आतून तसा चोपण झालाय. दाढ काढून काय होणार होतं?

नाशिकलाच दातांच्या दवाखान्यात जा, सोबत चिठ्ठी देते. गालात इंजेक्शनं देतात. त्यातलं औषध मधली खळ विरघळवतं, थर थोडा सैल होतो. पण आजपासून एक पुडीही नाही.

आणि एक सरळ विचारते, सरळ उत्तर दे. मी जातीचं लिहिलं तेव्हा दोन ओळीत खरं सांगता आलं असतं. तू मला तसंच का समजू दिलंस?

तुझी ताई

मखमलाबाद,
२३ फेब्रुवारी २०००

ती. ताईस नमस्कार.

दहा दिवस कागद पुढे घेऊन बसतोय. बोलता येत नव्हतं तोवर ठीक होतं, लिहायला तोंड लागत नाही, तिथे सबब चालत नाही.

भाऊबीजेनंतरचं तुझं ते जातीचं पत्र वाचून मला आधी हायसं वाटलं होतं. तू कारण शोधून दिलंस आणि ते आपल्या घरात कुणालाही पटेल असं होतं. गुटख्याचं सांगितलं असतं तर मी तात्यांना फसवलं हे सांगावं लागलं असतं. जातीचं म्हटलं की कुणी काही विचारत नाही. त्या दिवशी घरी आलो तर आईने विचारलं, जेवलास का तिच्याकडे? मी मान हलवली, नाही. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तात्या गेल्यापासून तिने असा हात फिरवला नव्हता. तो हात मी घेतला, ताई. खोटा होता तरी घेतला. वाल्मीकरावांचा घास हातात राहिलेला मी बघितला होता. रोज दिसतो.

तू मला वाट्टेल ते बोल. पत्रात बोल म्हणजे पुन्हा वाचता येईल.

पुड्या विहिरीत टाकणार होतो, पण पाणी पिकाला जातं म्हणून जाळल्या. दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरने आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या आहेत. एकावर एक रचून दातांत अडकवायच्या, दिवसातून चार वेळा. माझ्या सात बसल्या. तो म्हणाला, सगळी इंजेक्शनं झाली की चौदा बसायला पाहिजेत.

चोपणाचं तू बरोबर लिहिलंस. पण तात्यांनी त्या पट्टीला नंतर जिप्सम घातलं, ताग गाडला, पाणी तोडलं, तरी तीन वर्षांत फक्त गुरांचा घास आला, गुलाब नाही. हेही तुला आठवत असेल.

भारत

मखमलाबाद,
१५ जून २०००

ती. ताईस,

आज अकरा काड्या. इंजेक्शन देताना गालात सुई फिरवतात तेव्हा ब्रह्मांड आठवतं. पण परवा पिकलेला आंबा फोडी करून खाल्ला, दुधात न कालवता. रूपालीने शेजारणींना बोलावून दाखवला. कंपनीत मी सुपरवायझरला "साहेब" म्हणालो तर तो म्हणाला, अरे, तुझा आवाज असा आहे होय.

तू पाठवलेली राखी आली. सणाला अजून दोन महिने आहेत. आत्ताच बांधली.

भारत

पुणे,
५ सप्टेंबर २०००

चि. भारत,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'आठ काड्या' एवढंच त्यावर. अकरावरून आठ? इंजेक्शनं संपली आणि तू पुन्हा सुरू केलंस, दुसरं काय. अंबडच्या गेटसमोरच्या टपऱ्या मला माहीत आहेत. एकदा वचन मोडलेल्याला दुसऱ्यांदा जड जात नाही. निदान या वेळी तात्यांना मध्ये आणलं नाहीस, एवढंच बरं.

खरं लिही. मला पुन्हा दोन वर्षं चुकीचं समजायला वेळ नाही.

सुवर्णा

मखमलाबाद,
११ सप्टेंबर २०००

ताई,

फेब्रुवारीपासून एकही पुडी नाही. रूपालीला विचार, डॉक्टरला विचार, हवं तर तुझ्या काचेवर बघ.

मी सोडलं म्हणून ते मला सोडत नाही, असं डॉक्टर म्हणाला. धागे आपले आपण येत राहतात. खोटं बोललो तेव्हा तू विश्वास ठेवलास. आता खरं सांगतोय तर नाही. माझीच करणी, तक्रार करत नाही.

डाव्या गालात आतून एक खवखवणारी जागा आहे, पांढरी, भोवती लाल. दोन महिने झाले, भरून येत नाही. डॉक्टरने कण काढायचा ठरवलाय. तपासायला पुण्याला जाणार आहे, तुमच्याच कॉलेजात. रंग नीट घाल.

भाऊबीजेला येतो. या वेळी आईसुद्धा येते म्हणाली आहे. मी आपणहून विचारलं नव्हतं. म्हणाली, पोरगा आजारी, एकटा कसा पाठवू.

भारत

पुणे,
२ नोव्हेंबर २०००

चि. भारत,

आधी माफी मागते. पोस्टकार्डावरून तुला खोटं ठरवलं. दुसऱ्यांदा केलं हे. आता पुढचं.

तुझा कण २३ ऑक्टोबरला आला. नंबर ४१७. वर नाव नव्हतं, पण नाशिकचा शिक्का होता आणि डाव्या गालाचा असं लिहिलं होतं. आमच्या विभागाचे सर म्हणाले, तू रंगवू नकोस, दुसऱ्याला देतो. मी दिला नाही. लाल थर मी आधी सांगितला तसाच होता, फक्त जास्त जाड. पण काठावर पेशी बिघडलेल्या आहेत. एवढे दिवस माती होती, आता झाडापर्यंत गेलंय. कॅन्सर आहे, भारत. सुरुवातीचा आहे. सर म्हणतात, गाल आतून आणि जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल, मांडीचं कातडं लावतील. इथेच, पुण्यात. तारीख मी घेतली आहे, १७ नोव्हेंबर. रिपोर्ट सोबत आहे.

भाऊबीजेला तू आलास तेव्हा तो रिपोर्ट माझ्या कपाटात होता. मी सांगितलं नाही. एकदा तरी तुला माझ्या घरी नुसतं जेवताना बघायचं होतं. तू मला दोन वर्षं अंधारात ठेवलंस, मी तुला चार दिवस ठेवलं. फिटंफाट म्हणत नाही, पण राग येईल तर हे लक्षात घे.

तांदळाच्या खिरीची वाटी तू पाऊण तास लावून संपवलीस. चमचा आडवा जाईना म्हणून वाल्मीकांनी तुला दवाखान्यातली जीभ दाबायची चपटी काडी आणून दिली. तू खीर त्या काडीवर घेऊन आत सरकवत होतास, हनुवटीवर ओघळत होती, तू पुसत होतास आणि पुन्हा घेत होतास. वाटी चाटून पुसून परत दिलीस. मी आत जाऊन रडले, तुला कळलं असेल.

आई खुर्चीवर बसली होती. पाटावर नाही. मी तिच्यापुढे तीच खीर ठेवली, पाणी ठेवलं. तिने तुझ्या गालावरून हात फिरवला, माझ्या घरात सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, "मला भूक नाय." पाण्याचा तांब्या तसाच राहिला. मला वाटलं, दमली असेल. म्हातारं माणूस, सात तासांचा प्रवास. खरंच तसं वाटलं, मी या वेळी घाईने काही ठरवायचं नाही असं पक्कं केलं होतं.

मग तुम्ही निघालात. मी गॅलरीत उभी राहिले. तू रिक्षा बघायला पुढे गेलास आणि आई रसवंतीवर थांबली. पदराने ग्लास पुसला आणि दोन ग्लास रस प्यायली.

तिचं तोंड नीट उघडतं, भारत. मी बघितलं.

तुझी ताई

मखमलाबाद,
८ नोव्हेंबर २०००

ती. ताईस नमस्कार.

पत्र रूपालीने मोठ्याने वाचलं. मला वाटलं होतं, ती आईसमोर शेवटचं पान गाळेल. तिने गाळलं नाही. कॅन्सरचं ऐकून आई रडली. रसवंतीचं आलं तेव्हा तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "पोट बरं नव्हतं माझं."

माझंच वाक्य होतं ते. मी तिच्याकडून उचललं की तिने माझ्याकडून, कुणास ठाऊक.

आता मला पुन्हा फारसं बोलता येत नाही, पाटीवर लिहितो; तसंच लिहून रूपालीच्या तोंडून मी तिला गुटख्याचं आणि कावळ्याचंही सांगितलं. तिने विचारलं, "मंग तुझ्या तात्यांचं काय?"

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर पंधरा दिवस नाकातून नळी राहील. दूध, पेज, पातळ वरण घरून आणायचं. आई लगेच म्हणाली, दवाखान्याजवळ खोली घेऊ, मी करीन सगळं. मी पाटीवर लिहिलं, डबा ताईच्या घरून येईल. रूपालीने वाचून दाखवलं. आई म्हणाली, "आजारी माणसानं हट्ट करू नये. माझ्या हातचं खा."

मी पाटी खाली ठेवली आणि "नाही" म्हणालो. तेवढं म्हणण्यापुरतं तोंड अजून उघडतं. तिला नीट ऐकू गेलं.

तेव्हा पेज तू करायची. आई आली तर येईल, नाही आली तर रूपाली आहे. वाल्मीकरावांना म्हणावं, डबा त्यांनी आणला तर मला बरं वाटेल. पेज पातळ ठेव, नळी बारीक असते म्हणे, आणि मीठ कमी घाल. १६ तारखेला, गुरुवारी दुपारच्या एसटीने येतो.

भारत